जगबुडीनंतरच्या कथा वाचताना नेमके काय पाहायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जग संपल्यानंतरच्या आयुष्यावरच्या इंग्रजी लघुकथांचा एक संग्रह घेतला. तीन-चार कथा वाचल्यावर सगळ्या सारख्याच वाटू लागल्या, मनही उदास झाले आणि पुस्तक बाजूला पडले. सुरुवात कुठून करावी आणि या कथा वाचाव्यात कशा?"

कंटाळा आणि उदासी, दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. वाचकाची नजर विध्वंसावर खिळलेली असते, आणि विध्वंस सगळीकडे सारखाच दिसतो. पडक्या इमारती, ओसाड रस्ते, गंजलेल्या गाड्या. चांगल्या लेखकाला त्यात फारसा रस नसतो. जग कशाने संपले हे तो दोन-चार वाक्यांत उरकतो, कधी सांगतसुद्धा नाही. त्याचे लक्ष असते ते शिल्लक काय राहिले, ते कोण चालवते आहे आणि किती दिवस चालेल याकडे. म्हणून या कथा दुकान बंद करताना मालाची मोजदाद करावी तशा वाचायच्या. मोजदाद जमली की कथा एकमेकींपासून लगेच वेगळ्या दिसू लागतात, आणि मन हिशेबात गुंतल्यामुळे उदासीही थोडी लांब राहते.

पहिले वाचन एका बैठकीत आणि न थांबता करा. शब्द अडला तरी शब्दकोश उघडू नका. या प्रकारातले लेखक मुद्दाम अनोळखी नावे पेरतात आणि दोन पानांनी त्यांचा उलगडा करतात. मध्येच थांबलात तर ती मजा जाते. दुसऱ्या वाचनाला एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: 'चालू', 'बंद', 'नवे'. कथेत येणारी प्रत्येक वस्तू, सवय आणि नियम यांतल्या एका रकान्यात टाकायचा. 'चालू'मधल्या प्रत्येक नोंदीपुढे ती गोष्ट कोणाच्या जोरावर चालली आहे ते लिहा. दहा-पंधरा नोंदी पुरतात. एकच वस्तू दोन रकान्यांत जाऊ पाहत असेल तर तिच्याखाली रेघ ओढून ठेवा, कारण कथेचा पेच बहुधा तिथेच असतो.

सुरुवात रे ब्रॅडबरी यांच्या 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स'पासून करा. १९५० सालची कथा, इंग्रजीत दोन हजार शब्दांच्या थोडी पुढे. मोठ्याने वाचली तर पंधरा-वीस मिनिटे लागतात. कॅलिफोर्नियातले एक स्वयंचलित घर सकाळी सात वाजता जागे होते आणि नाश्ता तयार करते: टोस्टचे आठ तुकडे, आठ अंडी, बेकनच्या सोळा पट्ट्या, दोन कप कॉफी, दोन पेले दूध. इथेच पेन्सिल उचलायची. आठ टोस्ट आणि आठ अंडी म्हणजे चौघांची न्याहारी. दोन कॉफी आणि दोन दूध म्हणजे दोन मोठी माणसे, दोन मुले. घरात कोण राहत होते हे ब्रॅडबरी यांनी अजून सांगितलेले नाही, पण स्वयंपाकघराने सांगून टाकले. पुढे घराच्या पश्चिमेकडच्या काळ्या पडलेल्या भिंतीवर पाच जागी रंग शाबूत राहिलेला दिसतो: गवत कापणारा पुरुष, फुले तोडण्यासाठी वाकलेली बाई, एक मुलगा, एक मुलगी आणि हवेत उडालेला चेंडू. न्याहारीचा हिशेब केलेल्या वाचकाला ही भिंत जास्त लागते, कारण ती चार माणसे त्याने आधीच मोजलेली असतात.

आता तीन रकाने बघा. 'चालू'चा रकाना भरून वाहतो आहे. साफसफाई करणारे यांत्रिक उंदीर, बागेतले फवारे, वेळेवर भरणारे आंघोळीचे टब, बिलांची आठवण करून देणारा छतातला आवाज. 'बंद'मध्ये यंत्र म्हणून जवळजवळ काहीच नाही. बाकीच्या बहुतेक कथांत हे उलटे असते. तिथे माणसे उरतात आणि यंत्रे मरतात. स्फोटाचे वर्णन कुठेच नाही, पण भिंतीवरच्या आकृत्या आणि रात्री भग्न शहरातून येणारा किरणोत्सारी उजेड एवढ्यावर १९५० सालच्या वाचकाला काय झाले ते कळत होते. हिरोशिमाला पाचच वर्षे झाली होती.

एक बारीकशी अडचण सांगून ठेवतो. मासिकात ही कथा आली तेव्हा तिच्यातली तारीख एप्रिल १९८५ची होती. त्याच १९५० साली 'द मार्शियन क्रॉनिकल्स' या ब्रॅडबरींच्या पुस्तकात ती गेली तेव्हा तारीख ऑगस्ट २०२६ झाली, आणि १९९७च्या आवृत्तीत सगळ्या तारखा ३१ वर्षांनी पुढे ढकलल्यामुळे २०५७. म्हणून दोन वाचकांच्या हातात दोन वेगवेगळी साले असू शकतात. दोघेही बरोबर असतात. कथेत अमेरिकन कवयित्री सॅरा टीसडेल यांची याच नावाची बारा ओळींची कविता अख्खी छापलेली आहे. ती १९१८ची, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातली. ती आधी वेगळी वाचायची गरज नाही. घर ती मोठ्याने वाचून दाखवते त्या क्षणी ती तिथे का आली हे समजतेच. दुसऱ्या वाचनात मात्र ऐकणारा कोणी नसताना कविता निवडली कोणी, हा प्रश्न स्वतःला विचारा.

दुसरे मोजमाप काळाचे. घटना होऊन किती वर्षे झाली आणि जुने जग प्रत्यक्ष पाहिलेले कोण जिवंत आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे समासात लिहून ठेवा. ती मिळाली की कथेचा सूर कसा असणार याचा अंदाज येतो. पहिल्या पिढीच्या कथेत आठवण आणि तुलना असते. दुसऱ्या पिढीत ऐकीव माहिती असते, आणि ऐकवणाऱ्याचा आग्रहही. तिसऱ्या पिढीपासून जुने जग दंतकथा होते. जॅक लंडन यांनी 'द स्कार्लेट प्लेग'मध्ये हे सगळे एका शेकोटीभोवती बसवले आहे. १९१२ची ही दीर्घकथा आहे. साथ येते २०१३ मध्ये आणि गोष्ट घडते २०७३ मध्ये. एकेकाळी इंग्रजीचा प्राध्यापक असलेला म्हातारा कातडी पांघरलेल्या नातवांना जुने जग समजावतो. शहरात किती माणसे राहत होती हे सांगायचे तर मुलांना दहाच्या पुढे मोजता येत नाही, म्हणून तो खडे, शिंपले आणि कवटीतले दात मांडून लाख-कोटी समजावतो. 'संस्कृती बुडाली' असे विधान करण्यापेक्षा हे किती नेमके आहे बघा. संख्या बुडाली की पैसा, कर, पगार, लोकसंख्या असे सगळे शब्द पोकळ होतात. ही दीर्घकथा आता जुनाट वाटते आणि तिच्यातले वर्ग-वंशाविषयीचे शेरे खटकतात, तेव्हा ती पहिल्या पाचांत घेऊ नका. शेकोटीचा प्रसंग तेवढा वाचा.

तिसरे मोजमाप म्हणजे निवेदकाला काय ठाऊक नाही आणि वाचकाला काय ठाऊक आहे, यांतले अंतर. त्यासाठी स्टीफन व्हिन्सेंट बेने यांची 'बाय द वॉटर्स ऑफ बॅबिलॉन'. निवेदक एका टोळीतल्या पुजाऱ्याचा मुलगा. पूर्वेला जायचे नाही, मोठी नदी ओलांडायची नाही, मृत जागांतून फक्त धातू आणायचा आणि त्यालाही पुजाऱ्याने किंवा त्याच्या मुलानेच हात लावायचा, असे टोळीचे नियम. तो नदी ओलांडतो. नदीचे नाव 'ऊ-डिस-सन', एका पुतळ्यावर अर्धवट अक्षरे 'ॲशिंग', एका इमारतीवर 'अबट्रेझ'. न्यू यॉर्कची हडसन नदी, वॉशिंग्टनचा पुतळा आणि सबट्रेझरीची, म्हणजे सरकारी खजिन्याची, इमारत हे ओळखण्यासाठी आपल्याला थोडा वेळ लागतो. त्यात गैर काही नाही, अमेरिकन वाचकालाही तो लागावा अशीच योजना आहे. पण माझ्या मते कथेतली सर्वांत चांगली जागा ही नाही. एका घरात शिरल्यावर त्याला धुण्याच्या जागी दोन गोष्टी दिसतात. एकीवर 'गरम' लिहिलेले असते पण ती हाताला गरम लागत नाही; दुसरीवर 'थंड' लिहिलेले असते पण ती थंड नसते. दोन नळ. त्याला अक्षर वाचता येते, पण त्यामागची नळयोजना त्याच्या जगात नाही. हे अंतर जिथे जिथे दिसेल तिथे समासात खूण करा. पाच-सहा खुणा झाल्या की बेने तुम्हाला निवेदकापेक्षा शहाणे बनवत नेतात आणि शेवटाजवळ तो शहाणपणा कसा काढून घेतात ते दिसेल. शेवट इथे सांगत नाही.

या कथेच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे ती अणुयुद्धावरची समजून वाचणे. आकाशातून पडलेली आग, विषारी धुके, शापित जमीन हे सगळे वाचून तसे वाटणे साहजिक आहे. पण कथा जुलै १९३७मध्ये छापून आली, अणुबॉम्बच्या आठ वर्षे आधी. त्याच वर्षी २६ एप्रिलला स्पेनमधल्या गेर्निकावर विमानांतून बॉम्बफेक झाली होती आणि कथेमागे तो धक्का आहे असे मानले जाते. विषारी धुक्याची भीती पहिल्या महायुद्धातल्या वायुहल्ल्यांची. एवढे लक्षात घेतले की बेने भविष्य सांगत नव्हते, त्या उन्हाळ्यातले वर्तमानपत्र वाचत होते हे कळते.

म्हणून कोणतीही कथा घेतली की तिचे प्रकाशनवर्ष आधी पाहा आणि कागदाच्या डोक्यावर लिहा. ढोबळ हिशेब असा: १९४५नंतर किरणोत्सार आणि त्यातून जन्मणारी विकृत पिढी हा विषय येतो. १९८३च्या अखेरीस खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी अणुयुद्धानंतरच्या हिवाळ्याचे गणित मांडले. शहरे जळून उठणारी काजळी सूर्य झाकेल आणि तापमान घसरेल असे ते गणित होते. त्याआधीच्या अणुयुद्धकथांत बॉम्ब पडल्यावरही ऊन पडते, पिके येतात. नंतरच्या बऱ्याच कथांत काळोख आणि बर्फ येतो. १९५५ सालच्या कथेत काळोख नाही म्हणून लेखकाला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे.

विज्ञानाची पारख किती कडक करायची, असा प्रश्न इथे येतोच. फ्रिट्झ लायबर यांची 'अ पेल ऑफ एअर' (१९५१) यासाठी उत्तम. एक काळा तारा पृथ्वीला सूर्यापासून ओढून नेतो आणि हवा गोठून जमिनीवर थरांनी साचते. एक कुटुंब ब्लँकेटे आणि गालिचे एकावर एक टांगून केलेल्या खोलीत जगते. कथा सांगणारा मुलगा बादली घेऊन बाहेर जातो, गोठलेला प्राणवायू भरून आणतो, आणि तो शेकोटीजवळ वितळून सगळ्यांच्या श्वासाला येतो. थरांचा क्रम खाली पाण्याचा बर्फ, मग कार्बन डायऑक्साइड, मग नायट्रोजन, वर ऑक्सिजन. गोठणबिंदू पाहा: पाणी ० अंश सेल्सिअस, कार्बन डायऑक्साइड उणे ७८च्या आसपास, नायट्रोजन उणे २१०, ऑक्सिजन उणे २१९. क्रम बरोबर बसतो. काटेकोर वाचक म्हणेल की हे दोन वायू गोठण्याआधी द्रव होतील, ऑक्सिजन उणे १८३ला आणि नायट्रोजन उणे १९६ला, आणि मिसळून जातील. तेही खरेच. ब्लँकेटांनी हवेचा दाब धरून ठेवता येणार नाही, हेही खरे.

मी स्वतः एक नियम पाळतो: प्रत्येक कथेला एक अशक्य गोष्ट उधार द्यायची. लायबर यांना ब्लँकेटे दिली. त्या बदल्यात त्यांनी घातलेले नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळले का, एवढेच बघायचे. आग विझू द्यायची नाही, कोणीतरी सतत जागे राहायचे, हवा संपत आली की बादली आणायची, ते पाळतात. रकान्यांत ही कथा टाकली तर आणखी एक गोष्ट दिसते. 'चालू'मध्ये आग, घड्याळे आणि बापाच्या गोष्टी आहेत. बापाने सांगितलेल्या गोष्टींनी ऊब मिळत नाही की हवा मिळत नाही. तरी बाप त्या आगीइतक्याच नेमाने चालू ठेवतो. का, ते कथेत शोधा.

फसलेली कथा ओळखायला मोठे विज्ञान लागत नाही, घरगुती गोष्टी पुरतात. जग संपून वीस वर्षे झाली आणि नायक रस्त्यावर सोडलेल्या गाडीत सापडलेल्या पेट्रोलवर ती हाकतो आहे? साठवलेले पेट्रोल सहा महिने ते वर्षभरात बिघडू लागते, आणि इथेनॉल मिसळलेले त्याहून लवकर, कारण ते हवेतला ओलावा ओढते. मधुमेही पात्र दोन वर्षे ठणठणीत आहे? न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि वापरात आलेली बाटली साधारण २८ दिवस चालते, तेव्हा शीतकपाट कोण चालवतो हे लेखकाने सांगितले पाहिजे. शहराखालची भुयारी रेल्वे कोरडी आहे? न्यू यॉर्कच्या भुयारी मार्गांतून कोरड्या दिवशीही सुमारे १ कोटी ३० लाख गॅलन पाणी पंपाने उपसावे लागते. वीज गेली की भुयारे भरणार. अशी एखादी चूक सोडून द्या. पण दोन-तीन झाल्या तर लेखकाने शिल्लक मालाचा विचारच केलेला नाही, नुसता देखावा उभा केला आहे असे समजा आणि पुढची कथा घ्या. पूर्ण वाचायची सक्ती नाही.

आता ऑक्टेव्हिया बटलर यांची 'स्पीच साउंड्स'. १९८३ची कथा, १९८४चे विज्ञानकथांसाठीचे ह्यूगो पारितोषिक, आणि या प्रकारात मला सर्वांत जवळची. एका आजाराने लोकांची भाषा नेली आहे. कोणाचे बोलणे गेले, कोणाचे वाचणे-लिहिणे गेले, बरेच जण मेले. घटना होऊन तीनेक वर्षे झाली आहेत. लॉस एंजेलिसमध्ये एक बस चालली आहे आणि राय नावाची बाई तिच्यातून वीस मैलांवरच्या पॅसाडीनाला निघाली आहे, तिथे तिचा भाऊ कदाचित जिवंत असेल म्हणून. बसमध्ये दोन तरुणांत भांडण होते. ते कशावरून, हे त्यांनाही सांगता येत नाही.

इथे रकाने चुका करायला लावतात, म्हणूनच ही कथा चौथ्या क्रमांकावर वाचायची. 'चालू'मध्ये बस, बंदुका, थोड्या गाड्या. 'बंद'मध्ये पोलीस खाते, पण एक माणूस अजून पोलिसांचा गणवेश घालतो. तो कुठल्या रकान्यात? खाते नाही, गणवेश आहे, आणि गणवेश पाहून लोक काय समजतात हे प्रत्येकाचे वेगळे. 'नवे'मध्ये हातवाऱ्यांची भाषा आणि नावांच्या जागी वापरायची चिन्हे. रायकडे गव्हाच्या ओंबीच्या आकाराची सोनेरी पिन आहे, त्या माणसाकडे काळा गुळगुळीत दगड. राय त्याला मनात ऑब्सिडियन (ज्वालामुखीतून निघणारी काळी काच) म्हणते, पण त्याचे नाव रॉक असेल, पीटर असेल, ब्लॅक असेल. तोही तिला 'गहू' म्हणत असेल. वाचक हे 'ऑब्सिडियन' तिथून पुढे नाव म्हणून स्वीकारतो, आणि ते फक्त तिच्या डोक्यातले आहे हे तो पुढे विसरतो. दुसऱ्या वाचनात त्याच्या नावाऐवजी प्रत्येक ठिकाणी 'काळा दगड असलेला माणूस' असे मनात म्हणून पाहा. संबंधाचे वजन बदलते.

दुसरी पाहण्याजोगी जागा मत्सराची. त्याला वाचता येते हे रायच्या लक्षात येते तेव्हा तिच्या मनात जे उसळते ते आनंदाचे नसते. तिला बोलता येते, त्याला वाचता येते. दोघांत मिळून एक पूर्ण साक्षर माणूस होतो, आणि नेमके तेच तिला सहन होत नाही. जग संपल्यावर माणसे एकमेकांना कवटाळतात असे मानणाऱ्या कथा पुष्कळ आहेत. बटलर यांनी उरलेल्यांमध्येही आहे-रे आणि नाही-रे तयार केले. डावखुरे लोक आजारातून तुलनेने बरे राहिले आहेत, हा तपशील त्यांनी एका ओळीत टाकला आहे. तोही नोंदवा, कारण हात कोणता वापरला जातो यावरून पुढे अर्थ लागतो. कथेला जोडलेल्या टिपणात बटलर यांनी म्हटले आहे की कल्पना प्रत्यक्ष बसमध्ये पाहिलेल्या एका मारामारीतून आली. हे टिपण कथेनंतर वाचा, आधी नाही.

पृथ्वीवरचा शेवटचा पुरुष आणि शेवटची स्त्री यांच्या विनोदी-काळ्या कथांचाही एक कप्पा आहे. डेमन नाइट यांची १९५० सालची 'नॉट विथ अ बँग' त्यातली बरी. एक कल्पना, एक झटका, संपली. दोन मोठ्या कथांच्या मध्ये चालतील. त्यांच्यासाठी कागद आखायला नको.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटायचे कारण नाही. महाभारताचे सोळावे पर्व, मौसलपर्व, ही जग संपल्यानंतरचीच कथा आहे. यादव आपापसांत संपतात, समुद्र द्वारका गिळतो, आणि उरलेल्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला साध्या लुटारूंसमोर गांडीव चढवताना कष्ट पडतात, बाण संपतात. ते धनुष्य 'चालू'मध्ये टाकायचे की 'बंद'मध्ये? शस्त्र तेच, हात तेच, ज्या जगात ते चालत होते ते जग गेले. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' वाचले असेल तर ही नजर तुमच्याकडे आधीपासून आहे. दुसरीकडे जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' ही कथा घ्या. मुंबईत बर्फ पडतो, आधीच इशारा देणाऱ्या शास्त्रज्ञाकडे कोणी लक्ष दिलेले नसते, आणि मग उपायाची धावपळ होते. ही संकटाची आणि उपायाची कथा आहे. तिच्यात शिल्लक मालाची यादी करायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही. तिथे पाहायचे ते इशारा, नकार आणि उपाय यांचे टप्पे. मराठी विज्ञानकथेवर वाढलेल्या वाचकाला जगबुडीनंतरच्या पाश्चात्त्य कथा 'पुढे काहीच होत नाही' अशा वाटतात, त्याचे एक कारण हेही: तो उपायाची वाट पाहत बसतो आणि कथेला उपाय द्यायचाच नसतो.

तुमचा संग्रह सलग वाचल्यामुळेही घोटाळा झाला असणार. संपादक एका विषयाच्या वीस कथा एकत्र बांधतो ती सोय म्हणून. त्या त्या क्रमाने, एका दमात वाचायच्या असे त्याचेही म्हणणे नसते. आठवड्याला एक कथा, दोन वाचनांत, हा वेग बरा. दोन वाचनांत किमान एक रात्र जाऊ द्या. पहिले वाचन झोपायच्या आधी नको, संध्याकाळी करा; उदासीची अर्धी तक्रार वेळेमुळे असते. गटाने वाचत असाल तर पाच ते आठ जण आणि दीड तास पुरतो. पहिली वीस मिनिटे मोठ्याने वाचन, मग दहा मिनिटे गप्प बसून ज्याचा त्याचा कागद, आणि मग फक्त ज्या नोंदींवर दोघांचे रकाने जुळत नाहीत त्यांवर बोलायचे. 'लेखकाला काय म्हणायचे आहे' हा प्रश्न पहिल्या तासात कोणालाही विचारू देऊ नका. चर्चा लगेच पर्यावरण, युद्ध, मोबाइल अशा वर्तमानपत्री विषयांवर घसरते आणि कथा टेबलावर पडून राहते.

क्रम असा ठेवा: ब्रॅडबरी, लायबर, बेने, बटलर आणि शेवटी ई. एम. फॉर्स्टर यांची 'द मशीन स्टॉप्स'. नोव्हेंबर १९०९ची ही कथा वयाने सर्वांत जुनी, तरी शेवटी ठेवायची, कारण ती लांब आहे, सुमारे बारा हजार शब्द आणि तीन भाग. शिवाय तिच्यातल्या लोकांना आपण शेवटानंतर जगतो आहोत हे ठाऊकच नाही. पृथ्वीचा पृष्ठभाग टाकून ते जमिनीखाली षटकोनी खोल्यांत राहतात, पडद्यावर एकमेकांना पाहतात, व्याख्याने ऐकतात, आणि यंत्र सगळे पुरवते. व्हॅश्टी नावाची आई हवाई जहाजातून हिमालयावरून जाते आणि इथे कल्पना सुचण्यासारखे काही नाही म्हणून पडदा ओढून घेते.

या कथेसाठी कागद थोडा वेगळा आखावा लागतो. 'चालू' आणि 'बंद' यांच्या मध्ये चौथा रकाना घाला: 'बिघडले, पण सवय झाली'. तिसऱ्या भागात तो भराभर भरतो. संगीतात खरखर येऊ लागते, कृत्रिम फळांना बुरशी, आंघोळीच्या पाण्याला वास, कविता रचणाऱ्या यंत्राची यमके चुकू लागतात. लोक समितीकडे तक्रार करतात, उत्तराची वाट पाहतात आणि मग तक्रार विसरतात. प्रत्येक बिघाडापुढे लिहा: तक्रार कोणी केली, कोणाकडे केली, किती ओळींत ती विरली. पहिले दोन भाग एका संध्याकाळी आणि तिसरा दुसऱ्या दिवशी वाचायला हरकत नाही. तिसरा भाग मात्र तुकड्यांत वाचू नका. त्यातल्या बिघाडांचा वेग सलग वाचल्याशिवाय जाणवत नाही.